मधली चित्रं

सुराबाया,
१२ ऑगस्ट

प्रिय उनी,

सलाम. तू, तुझी सल्वा आणि अमाक, तिघी बऱ्या असाल असं धरून चालतो. मी बरा आहे. वजन थोडं उतरलंय, पण ते इथल्या जेवणाचं पाप. ही माणसं चटणीतसुद्धा साखर घालतात आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही पदांगवाले कालवणात मिरची घालता की मिरचीत कालवण?" इथे पश्चिम सुमात्रातून आलेला प्रत्येक जण पदांगच. नाव सांगून उपयोग नाही.

हे पत्र तुझ्या भरतकामाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय. घरी टाकलं असतं तर अमाकने आधी फोडलं असतं, आईच ती. फोनवर बोलावं तर फोन दिवसभर तिच्या हातात. मी तुला पाठवलेला आवाज आधी ती ऐकते, मग शेजारच्या एतेक मुर्नी ऐकतात, आणि उरलासुरला तुझ्या वाट्याला येतो. म्हणून कागद. शाळा सोडल्यापासून एवढं सलग पहिल्यांदाच लिहितोय, अक्षराला हसू नकोस. हसलीस तरी मला कुठे दिसणार म्हणा.

तुझा निरोप पोचला. "बुयुंग, तू त्या खेळाच्या दुकानात बसतोस, तुला कळत असेल. टीव्ही घ्यायचाय. साठवाला घेऊ की एकशेवीसवाला? दुकानदार म्हणतो, एकशेवीसवर सल्वाचे खेळ पळतात आणि अमाकला सिनेमे खरेखुरे दिसतात."

बरं झालं, थोरली बहीण असून मलाच विचारलंस. घरात पहिल्यांदाच कुणी मला काही विचारतंय.

तर बघ. आमचं दुकान म्हणजे मालक चाक सोकिप (चाक म्हणजे इथला दादा) यांच्या घराची पुढची खोली. बंदराच्या मागच्या गल्लीत. भिंतीला ओळीने टीव्ही, प्रत्येकाखाली एक खेळाचं यंत्र, खाली चटया. पोरं येतात, तासाने पैसे देतात आणि एकमेकांच्या आयांचा उद्धार करत फुटबॉल खेळतात. मी पैसे घेतो, भांडणं सोडवतो, रिमोट लपवतो. याच वर्षी चाक सोकिप यांनी एक भला मोठा एकशेवीसवाला आणला. त्याला सगळे सासरेबुवा म्हणतात, कारण त्याच्यासमोर कुणी पाय पसरून बसत नाही.

हा आकडा म्हणजे टीव्ही एका सेकंदात किती वेळा चित्र नव्याने काढतो तो. आता सल्वाचं यंत्र. ते जुनं आहे, आपल्या थोरल्या भावाने, उदाने, तिला आणून दिलेलं. ते साठच्या वर चित्रं देतच नाही. देणाऱ्याने साठच वाट्या दिल्या तर हंडा केवढा का असेना, पाणी तेवढंच. नवं यंत्र असेल, आणि त्याची वायर टीव्हीच्या बरोबर त्याच भोकात घातली असेल, तर मग फरक पडतो. खरंच पडतो. अंगठा वळला की गाडी वळते, मध्ये काही राहत नाही. मी स्वतः पाहिलंय. पण सल्वाला सध्या साठवाला पुरे.

सिनेमाचं वेगळं. सिनेमा सेकंदाला चोवीस चित्रांचा. साठाला चोवीसने भाग जात नाही, म्हणून साधा टीव्ही एक चित्र तीनदा दाखवतो, पुढचं दोनदा, परत तीनदा. कॅमेरा डोंगरावरून सावकाश फिरला की डोंगर लंगडतो. एकशेवीसला भाग जातो. प्रत्येक चित्र पाचदा, कुणावर अन्याय नाही. गुरुजींनी भागाकार असा शिकवला असता तर मी पळून गेलो नसतो. बहुतेक गेलो असतो.

म्हणजे सिनेमाला थोडा फायदा, खेळाला यंत्र नवं असेल तरच. दुकानदार दोनशेचाळीस वगैरे लिहिलेली चिकटपट्टी दाखवेल, ती वाचायची नाही.

आणि दोन गोष्टी. कुठलाही टीव्ही घरी आला की त्यात हालचाल मऊ करायचं एक सेटिंग चालू असतं. ते बंद करायचं. दुसरं, उदाचा तो व्हिडिओ टीव्हीवर लावू नकोस. फोनवरच बघू दे अमाकला.

बंदरावर जातो रोज. सिमेंट घेऊन बोर्निओला जाणाऱ्या लाकडी नावांची रांग असते तिथे, उदा काम करायचा तशाच. चहावाली विचारते, "काय रे पदांग, भाऊ सापडला?" मी म्हणतो, "चहा दे."

तुझा,
बुयुंग


सुराबाया,
६ सप्टेंबर

प्रिय उनी,

सलाम. पत्र मिळालं. एवढं कडक पत्र तू भरतकामाच्या दुकानात बसून लिहिलंस? सुया घाबरल्या असतील.

"मला आकडे शिकवू नकोस," असं तू लिहिलंस. मग जे लिहिलंस ते मी परत परत वाचलं. मला बरोबर समजलंय का बघ.

एतेक मुर्नींनी नवा टीव्ही आणला. काचेवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही, कोपऱ्यातली दुकानाची चिकटपट्टीही तशीच. त्यांच्या जावयाने आपल्या उदाचा व्हिडिओ फोनवरून त्यावर लावला आणि अर्धी गल्ली सिनेमाला जमावी तशी जमली. फोनवर उदा बाजूने दिसतो, नावेवर काहीतरी बांधताना. पण त्या टीव्हीवर त्याने मान वळवली आणि अमाककडे बघितलं. अमाक उठून उभी राहिली. उदाला म्हणाली, "अस्रिल, जेवलास का?"

आणि तेव्हापासून ती रोज सकाळी झाडू घेऊन एतेक मुर्नींच्या अंगणात जाते. अंगण झाडते, मग आत जाऊन एकदा व्हिडिओ बघते आणि परत येते. आपली अमाक. जिने आपले वडील, अबाक, गेल्यावर एतेककडून वाटीभर मीठसुद्धा आणलं नाही. एतेक म्हणतात, "झाडू दे गं, तिला बरं वाटतं," आणि तुला गल्लीतून मान वर करून चालवत नाही. म्हणून तुला टीव्ही हवाय. तस्साच. अमाकने आपल्या घरात बसून बघावं म्हणून.

मशिदीचे बुया घरी येऊन गेले तेही लिहिलंस. नाव बुडाल्याला इतके महिने झाले, आता अस्रिलसाठी गैरहजेरीतली नमाज पढायला हवी, असं ते म्हणाले. अमाक त्यांना म्हणाली, "जिवंत पोराच्या जनाज्याची नमाज पढणार का तुम्ही, बुया?" मग बुया म्हणाले, आईचं मन मानत नसेल तर घरच्या मामाने सांगावं, आपल्यात घराचा शेवटचा शब्द लेकीच्या भावाचा, रीत तशीच आहे. त्यावर अमाक हसली. "या घरचा मामा, माझा अस्रिल, समुद्रावर आहे. तो आला की त्यालाच विचारा."

हे वाचून मी पत्र उलटं ठेवलं.

आता ऐक. आकडे नाहीत यात. म्हणजे थोडे आहेत.

त्या टीव्हीचं सेटिंग दुकानातलं आहे. दुकानात उजेडात चमकावं म्हणून सगळं वर चढवून ठेवतात. एतेक ते बदलणार नाहीत, कारण दुकानदाराने लावून दिलंय म्हणजे बरोबरच असणार. प्लॅस्टिक काढत नाहीत त्या, सेटिंग काय बदलणार. आणि त्यात ते हालचाल मऊ करायचं चालू आहे, जे मी तुला बंद करायला सांगितलं होतं आणि का ते सांगितलं नव्हतं.

टीव्हीला सेकंदाला एकशेवीस चित्रं दाखवायची असतात. सिनेमातून येतात चोवीस. फोनचा व्हिडिओ, तोही दहा ग्रुपमधून फिरून आलेला, त्यातून त्याहून कमी येतात. मग टीव्ही काय करतो, दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतः काढतो. समज, एका चित्रात हात खाली आहे, पुढच्यात वर. मधला हात कुणी टिपलेलाच नाही. टीव्ही अंदाजाने काढतो आणि मध्ये घालतो. म्हणून सगळं पाण्यासारखं वाहतं.

आमच्याकडे सासरेबुवा आले तेव्हा हेच चालू होतं. चाक सोकिप यांनी पहिल्या शनिवारी गल्लीला जुना मारामारीचा सिनेमा दाखवला. नायक छतावरून उडी मारतो आणि तो इतका मऊ उतरला की कुणालाच खरं वाटेना. एक म्हातारा म्हणाला, "हा सूड घ्यायला आलाय की मावशीकडे चहाला?" सगळा सिनेमा दुपारच्या सिरियलसारखा दिसत होता. खेळात तर त्याहून वाईट. मधलं चित्र काढायला टीव्हीला वेळ लागतो. मी किक मारली, आमच्या खेळाडूने आधी विचार केला, मग मारली. तोपर्यंत बॉल गेला होता. त्या दिवशी मी दोन वेळच्या चहाची पैज हरलो, एका माशांच्या टोपल्या वाहणाऱ्या बाईकडून. तिने ते अजून सोडलेलं नाही. रस्त्यात भेटली की पाय हवेत हळूच उचलते. चाक सोकिप यांनी खेळासाठी वेगळं सेटिंग लावलं आणि ते मऊ करायचं बंद झालं. तिच्याकडून मी तरीही हरतो.

विषय सुटला.

व्हिडिओत उदाच्या तोंडासमोरून एक जाड दोर जातो. आठवतो? दोराच्या आधी त्याचं तोंड बाजूला आहे. दोराच्या नंतर खाली आहे. मध्ये काय, ते फोनला टिपता आलं नाही. टीव्हीलाही माहीत नाही. दोर आणि तोंड एकत्र झाले की त्याला कळत नाही कुठला भाग कुठे न्यायचा, आणि तो दोन्ही वितळवून काहीतरी करतो. त्या वितळण्यात तोंड समोर येतं. डोळे येतात. ते थांबतात. मग दोर निघून जातो.

ती नजर टीव्हीने बनवलेली आहे, उनी. उदाची नाही.

तू म्हणशील, तुला एवढं बारीक कसं माहीत. कारण मीही बघितलंय. एतेकच्या टीव्हीवर जे दिसतं तेच सासरेबुवांवर दिसतं. पोरं शाळेत असतात तेव्हा सकाळी दुकान रिकामं असतं. शटर अर्ध्यावर असतं. बाकीचे टीव्ही बंद, त्यांच्या काळ्या काचांतून मीच मला ओळीने दिसतो, आणि मधला एकच चालू. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, माझ्या मागे कुणी उभं आहे का. कारण तो असा बघत होता जसं घर सोडल्यापासून माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. रागाने नाही. 'आलास का' एवढंच.

त्या दिवशी मला वाटलं, तो मला काहीतरी विचारतोय. दुसऱ्या दिवशी वाटलं, वाट बघतोय. आता मी खेळाचं सेटिंग काढतो, ते मऊ करायचं चालू करतो, व्हिडिओ लावतो, आणि पोरं यायच्या आत सगळं परत जागेवर ठेवतो. दोराच्या त्या क्षणावर थांबवून पाहिलं तर काही नसतं. नुसता डाग. चालू असतानाच तो बघतो. थांबवलं की जातो.

बंदरावरून परत येताना मला कधी कधी पाठीवर ती नजर जाणवते. तशी काही नसते. मागे दोर, गोण्या आणि मांजरं.

परवा चाक सोकिप मागच्या दाराने आत आले. मला कळलंच नाही. ते माझ्याशेजारी उकिडवे बसले, एकदा सगळा व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, "पदांग, टीव्ही तापतोय आणि तू गार पडतोयस. जा, कोळशावर भाजलेल्या मटणाच्या सातेच्या चार काड्या आण. दोन माझ्या."

मी म्हणालो, "चाक, तुम्हाला काय दिसलं?"

"मला? मला तर वाटलं तो माझ्याकडे बघतोय. आणि मी त्याला ओळखतही नाही."

अमाकला तो तिच्याकडे बघताना दिसतो. मला माझ्याकडे. एतेकच्या जावयालाही विचार, त्यालाही दिसला असेल. तुला दिसला का, ते तू लिहिलं नाहीस. मी विचारणार नाही.

टीव्ही सध्या घेऊ नकोस. आणि बुयांना अजून काही सांगू नकोस.

अजून एक सांगायचं होतं, पण पान संपलं.

तुझा,
बुयुंग


सुराबाया,
१९ सप्टेंबर

प्रिय उनी,

सलाम. तुझं पत्र मिळालं. एवढंसं पत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. "पान मागून कोरं होतं. मागची बाजू लिही."

लिहितो.

तो व्हिडिओ आपल्याला नाव बेपत्ता झाल्यानंतर मिळाला, म्हणून आपण सगळ्यांनी धरलं की तो नंतरचाच आहे. मीही तसंच धरलं. चहावालीने माझ्या फोनवर टाकला तेव्हा ती म्हणाली, "हा घे तुझा भाऊ, चांगला धडधाकट आहे." मी धावत रस्त्यावर आलो आणि तिथल्या तिथे तुमच्याकडे पाठवून दिला. तारीख बघायचं मनात आलं नाही. असल्या फिरत आलेल्या गोष्टींना तारीख नसतेच.

जुलैच्या शेवटी मकासारहून एक खलाशी आला. दाएंग बासो. चहावालीनेच त्याला दुकानात आणलं. पन्नाशीचा, एक खांदा उतरलेला. तो उदाच्या नावेवर होता. नाव बुडाली तेव्हा एका मोठ्या जहाजाने त्याला पाण्यातून उचललं आणि थेट मकासारला नेलं. तिथे तो आजारी पडून राहिला, इतके दिवस. त्याच्याबरोबर आणखी कुणाला उचललं नव्हतं.

मी तुला पहिलं पत्र लिहिलं, साठ आणि एकशेवीसचं, तेव्हा हे सगळं मला माहीत होतं.

मी दाएंगला व्हिडिओ दाखवला. सासरेबुवांवर, मऊ करून. मला वाटलं त्याला बरं वाटेल, जुना सोबती बघून. तो बघत राहिला. मग म्हणाला, "हे काय लावलंयस? याने असं बघितलं नव्हतं."

"दाएंग, तुम्हाला कसं माहीत?"

"कारण हा मी काढलाय. मदुरा बेटाजवळून जाताना सिग्नल आला म्हणून खलाशांच्या ग्रुपवर टाकला. मी त्याला ओरडून सांगितलं, ए पदांग, इकडे बघ, तुझ्या घरच्यांना दाखवू. तो म्हणाला, आधी ताडपत्री बांधू दे, सिमेंट भिजलं तर मालक मला बांधेल. मग हवं तेवढं बघतो."

"आणि मग?"

"मग काय. पाऊस आला. मी फोन खिशात घातला."

दुसऱ्या दिवशी सकाळी लाटा उठल्या. सिमेंट भिजलंच. नाव जड झाली. उदा खाली पंपापाशी होता, पाणी काढत. दाएंग वर होता. नाव एका कुशीवर वळली आणि उलटली. दाएंग म्हणाला, "मी एका पिंपाला धरून तिथेच फिरत राहिलो, पोरा. हाका मारत होतो. खालून कुणी वर आलं नाही." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला हे कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. पण बाकी कुणी उरलंच नाही ना."

मी त्याला चहा दिला. पैसे मी दिले की त्याने, आठवत नाही. तो गेल्यावर मी व्हिडिओ परत लावला. मऊ करून. त्या दिवशीही त्याने बघितलं माझ्याकडे. दुसऱ्या दिवशीही. मला खरं काय ते कळलं होतं आणि तरी मी रोज सकाळी ते लावत होतो, उनी. अमाकला मी काय सांगू की बघू नकोस. अमाकला निदान माहीत नव्हतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चाक सोकिप यांना म्हणालो, "चाक, ते सेटिंग तुम्ही बंद करा. माझ्या हाताने होत नाही."

ते म्हणाले, "रिमोट तूच लपवलायस."

मी काढून दिला. त्यांनी बंद केलं. त्यांनाही ते लगेच सापडलं नाही, आधी आवाज गेला, मग भाषा चिनी झाली, शिव्या देत देत शेवटी सापडलं. मग व्हिडिओ लावला.

सगळं अडखळत चाललं. नाव धक्के खात, समुद्र धक्के खात. उदा बाजूला तोंड करून उभा. दोर आला. गेला. उदाचं तोंड खाली. बस. त्याने कुणाकडेच बघितलं नाही. ताडपत्री बांधणारा एक माणूस, घाईत असलेला.

पण उनी, गाठ मारताना तो जीभ दातांत धरतो ना? लहानपणी माझ्या बुटांच्या नाड्या बांधताना धरायचा, आणि तू म्हणायचीस, "चावून टाकशील एक दिवस." ती दिसली. फोनने ती टिपली होती, दोन-तीन चित्रांपुरती. दोर जायच्या नेमक्या आधी. मऊ केल्यावर ती पुसली जात होती. एवढे दिवस मी रोज सकाळी बसून त्याची जीभ पुसून टाकत होतो, आणि त्या जागी तो टीव्हीचा डोळा बघत होतो.

मी म्हणालो, "चाक, परत लावा." त्यांनी परत लावलं. मग म्हणाले, "हा तुझ्यासारखा दिसतो. आधीचा नव्हता दिसत."

शुक्रवारी बंदराच्या मशिदीत मी इमामांना सांगितलं. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं, अस्रिल बिन दारविस. पुढे जनाजा नव्हता. नुसती भिंत आणि पंखा. दाएंग बासो माझ्या उजवीकडे उभा राहिला, चाक सोकिप डावीकडे. चाक एरवी शुक्रवारी दुकानातच सापडतात. बाहेर आल्यावर म्हणाले, "माझ्याकडे असं बघू नकोस. मी तुझ्या भावासाठी आलो होतो, देवाला आता भलत्या अपेक्षा नकोत."

म्हणजे नमाज झाली. एकदा, इथे, परक्या माणसांत. आपल्या गावात व्हायची राहिली आहे.

अमाकला तू काही सांगू नकोस. हे पत्र दुकानातच ठेव. मी येतोय. बसने येतोय. मेराकपासून पलीकडे सुमात्राला जाताना समुद्र चुकवता येत नाही, तेवढं पाणी फेरीबोटीच्या आत बसून ओलांडेन, बाहेर बघणार नाही. दाएंगलाही बरोबर चल म्हणालो. तो म्हणाला, "तुझ्या आईसमोर जिवंत उभा राहू मी?" मी आग्रह केला नाही.

आलो की आधी एतेक मुर्नींकडे जाईन. त्यांना सांगून ते सेटिंग बंद करीन. त्या ओरडतील, ओरडू दे. मग अमाकला तिथेच बसवून व्हिडिओ दाखवीन, जसा आहे तसा, अडखळता. ती विचारेल, आज तो बघत का नाही. तेव्हा तिला सांगेन. तिने तेव्हा माझ्याकडे बघावं म्हणून मी तिच्यासमोर बसेन, टीव्ही माझ्या पाठीमागे ठेवून. ती मला मारेल किंवा मारणार नाही. तू दाराशी थांब. सल्वाला शाळेत पाठव.

आणि मग मी बुयांकडे जाईन. आईचं मन मानलं तरी, आणि मानलं नाही तरी. त्यांनी घरच्या मामाकडून ऐकायचं म्हटलंय, तर ऐकतील. उदा होता तोवर घरच्या मामाचा तो मान माझ्याकडे यायचा प्रश्न नव्हता. मला तो नको होता. अजूनही नकोय. गुरुवारपर्यंत पोचेन, म्हणजे शुक्रवारची नमाज सापडेल.

टीव्हीचं म्हणशील तर तू साठवालाच घे.

सल्वाचा मामा,
नोफ्रिझाल